सगळ्यांनी जरा जवळ या

दुकानदाराने रांगेतल्या सगळ्यांनाच काय हवंय विचारलं, तो साबण म्हणाला, आणि अख्खी रांग त्याच्याकडे वळली. साबण ही काही शिवी नाही. त्याने तो मागितलाही नेहमीसारखाच होता, पोटातून, पहिलं अक्षर मोकळं सोडून आणि शेवटचा ण गिळून न टाकता. पण गेले कित्येक महिने शहराच्या प्रत्येक गल्लीतून गाडीवरच्या कर्ण्यातून जो आवाज लोकांना साबणाने हात धुवायला सांगत फिरत होता तो हाच, हे रांगेला 'सा'लाच कळलं. तोंडावर मास्क होता. अर्धा चेहरा झाकला की माणूस ओळखू येत नाही असा त्याचा समज होता, आणि तो इतर सगळ्यांच्या बाबतीत बरोबरही होता. आपण बोटाने दाखवायला हवं होतं, असं त्याला वाटलं. मुक्यासारखं वागायला हवं होतं. मुक्या माणसाची लोकांना दया येते, आणि उगाच कुणी त्याच्यावर संशय घेत नाही. दोनच दिवसांपूर्वी असं झालं असतं तर कुणीतरी हसून म्हणालं असतं, अरे, तुम्हीच का ते, आणि घरी फोन लावून पोराला ऐकवलं असतं. तेव्हा त्याचा आवाज घरातला झाला होता. लोक जेवताना, भांडताना, न्हाणीघरात तो ऐकायचे. एका म्हातारीने म्हणे त्याला रोज संध्याकाळी खिडकीतून 'हो रे बाबा' म्हणून उत्तर द्यायला सुरुवात केली होती, आणि ही गोष्ट सांगताना त्याला स्वतःला गहिवरून यायचं.

मग ती चित्रफीत आली. काल सकाळी आली आणि दुपारपर्यंत शहरातल्या ज्या माणसाकडे फोन होता त्या प्रत्येकाने ती पाहिली, आणि ज्याच्याकडे नव्हता त्याने शेजाऱ्याच्या फोनवर पाहिली, अंतर न राखता. कुणाच्या तरी खांद्याआडून, चोरून काढलेली. शहरप्रमुखांच्या बंगल्यामागची हिरवळ, दिव्यांच्या माळा, हातात पेले घेतलेली शंभरेक माणसं, एकाच्याही तोंडावर मास्क नाही, आणि मधोमध उंच खुर्चीवर बसवलेला एक पांढरा केसाळ कुत्रा, डोक्यावर कागदी टोपी. वाढदिवस त्याचा होता. त्याचं वय नक्की कुणाला माहीत नव्हतं, म्हणून केकवर आकडा नव्हता. चित्रात शहरप्रमुख दिसत होते, त्यांच्या बाई दिसत होत्या, दोन न्यायाधीश पाठमोरे दिसत होते. गाडीवरचा निवेदक, म्हणजे तो स्वतः, दिसत नव्हता. तो नुसता ऐकू येत होता. 'सुरक्षित अंतर राखा,' असं तो आवाज अगदी गाडीवरच्यासारखा म्हणायचा, मग मोजून थांबायचा, आणि मग म्हणायचा, 'पण फोटोपुरतं सगळ्यांनी जरा जवळ या. अजून जवळ. लाजताय काय, आपलीच माणसं आहेत.' यावर शंभर माणसं हसली होती. कुत्राही भुंकला होता. त्याच आठवड्यात शहरात कुणाच्याही अंत्यविधीला पाच माणसांची परवानगी होती. रात्रीतून भिंतींवर कोळशाने लिहिलं गेलं, 'कुत्र्याला शंभर, माणसाला पाच', आणि सकाळी ते पुसायला आलेल्या सफाई कामगारांनी आधी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतले.

"परत बोला," पुढच्या खडूच्या वर्तुळातली बाई म्हणाली. तिच्या हातात रिकामी पिशवी होती आणि ती घडी घालून उलगडत होती.

"काय बोलू?"

"तेच. गाडीवरचं."

तो हसला, पण मास्कमुळे ते त्याचं त्यालाच कळलं. दुकानदार साबण हातात धरून उभा होता, देत नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, बोला की, आम्हाला सवय झालीय, आज सकाळी गाडी फिरकली नाही तर चुकल्यासारखं वाटलं. दुसरं कुणीतरी म्हणालं, साबण हवाय ना? ते सगळे अगदी शिस्तीत आपापल्या वर्तुळात उभे होते. कुणी अंगावर येत नव्हतं. अंगावर आले असते तर त्याला पळता आलं असतं. त्याने घसा साफ केला, आणि तो करताना सगळ्यांनी मान मागे घेतली, आणि मग त्याने सुरुवात केली. नागरिकांनो, अत्यावश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडू नका. वाईट बोलायचं त्याने ठरवलं होतं, अडखळत, कुजबुजल्यासारखं, म्हणजे त्यांना दया येईल. पण दुसऱ्या वाक्याला आवाजाने आपली जागा धरली, छातीतून वर आला, रस्त्यापलीकडच्या बंद दुकानांच्या पत्र्यावर जाऊन परत आला, आणि 'नियम सगळ्यांसाठी सारखेच आहेत' हे वाक्य तर इतकं भरदार पडलं की वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. त्याला ते थांबवता आलं असतं. पण वाक्य मध्येच सोडणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

त्या आवाजाने कोपऱ्यावरचा पोलीस मात्र धावत आला. काठी वर करूनच आला, आणि जवळ आल्यावर ती खाली केली. साहेब, तुम्ही रांगेत? त्याने विचारलं, अगदी दुःखाने. आणि नको नको म्हणत असताना त्याने त्याचा दंड धरून त्याला सगळ्यांच्या पुढे नेलं, दुकानदाराच्या हातातून साबण घेतला, त्याच्या हातात ठेवला आणि रांगेला एक एक पाऊल मागे सरकायला लावलं. ज्यांची पावलं वर्तुळाच्या रेषेवर पडली त्यांना त्याने काठीने वर्तुळं दाखवली. परत फिरताना निवेदकाला सगळ्यांच्या जवळून जावं लागलं. पिशवीवाली बाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या आईला तर तीनच मिळाले. बाकीचे दोघं पकडले." आणि तिच्या मागचा माणूस, चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला, वर्तुळातून जराही बाहेर न येता, मास्क हनुवटीवर ओढून, कुणाला पत्ता सांगावा इतक्या शांतपणे त्याच्या तोंडावर खोकला. मग त्याने मास्क वर घेतला आणि नाकावर चिमटा नीट बसवला. नियम पाळणारा माणूस दिसत होता.

साबण ताईसाठी होता. सकाळी तिचा निरोप आला होता, 'येऊन जा. येताना साबण आण.' तो तेव्हापासून या दोन वाक्यांकडे बघत होता. चित्रफीत तिने पाहिली नसेल हे शक्य नव्हतं. पण ज्या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही त्याला कुणी साबण आणायला सांगत नाही. किंवा सांगतं, साबण संपलाच असेल तर सांगतं. पहिल्या वाक्यानंतर तिने पूर्णविराम दिला होता. ताई कधी पूर्णविराम देत नसे, तिचे निरोप एकात एक अडकलेले असायचे, भाजी, भाचीची परीक्षा, भाऊजींचा गुडघा, सगळं एका दमात. भाऊजी गेल्यापासून ती पूर्णविराम द्यायला लागली होती. तो रस्त्याच्या मधून चालत होता, कारण कडेने गेलं की खिडक्या जवळ येत होत्या. खिशात कायमचा पास होता, लाल पट्टीचा, 'अत्यावश्यक सेवा' असं छापलेला. कोपऱ्याकोपऱ्यावर तो दाखवावा लागे. आज कुणी मागत नव्हतं. पोलीस त्याला बघून दुसरीकडे बघत होते, लग्नात न बोलावलेल्या नातेवाइकाला बघून बघतात तसे.

ताईकडे गेलं की तिने काय म्हणायला हवं आणि आपण काय म्हणायचं याची तो चालता चालता तालीम करत होता. ती लहानपणापासूनची सवय. आई कामावर जायची, आणि ताई, जी त्याच्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठी, ती स्वयंपाक करताना त्याला ओट्यापाशी उभं करून जुनी वर्तमानपत्रं वाचायला लावायची. तिला बातम्यांशी कर्तव्य नव्हतं. तिला एकटं वाटायचं, आणि भांड्यांच्या आवाजाच्या वर आवाज लागायचा. मोठ्याने, म्हणायची. वाक्य संपायच्या आधी श्वास संपला की ती उलथन्याने ओट्यावर ठक्क करायची, पहिल्यापासून. एकदा एका पूरग्रस्त गावाची बातमी त्याने नऊ-दहा वेळा वाचली होती, शेवटी मेलेल्यांचा आकडा बरोबर सुरात आला तेव्हा तिने त्याला गूळ दिला. त्याच्या धंद्यातले लोक नंतर त्याला विचारायचे, कुठे शिकलात. तो एका संस्थेचं नाव सांगायचा. जगात त्याचा आवाज तो स्वतः सोडून कुणाला आतून माहीत असेल तर तो ताईला. फोनवर त्याने नुसता श्वास घेतला तरी ती विचारायची, काय लपवतोयस. आणि भाऊजी गेले त्या दिवशी तिने विचारलं नव्हतं, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं, आणि तो एका बंद पडलेल्या सिग्नलखाली उगाचच थांबला, लाल असल्यासारखा.

त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला आणि ती 'गेले' एवढंच म्हणाली. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. आयुष्यभर लोकांना वर पोचवलं, हा त्यांचा एकमेव विनोद, आणि तो ते प्रत्येक समारंभात करायचे. त्याला पहिलं काम त्यांनीच मिळवून दिलं होतं. कंपनीला लिफ्टमध्ये बोलायला माणूस हवा होता, भाऊजी साहेबांना म्हणाले, माझा मेहुणा बोलतो. साहेब म्हणाले, बोलतात सगळेच. भाऊजी म्हणाले, हा काही काम नसतानाही बोलतो. अजून कित्येक इमारतींत 'दार बंद होत आहे' हे तोच म्हणतो. दुरुस्ती झाली की भाऊजी लिफ्टमध्ये एकटे वर-खाली फिरायचे आणि त्याला उत्तर द्यायचे, होऊ दे रे राजा. ते इस्पितळात गेले ते चालत गेले, बाहेर आले तेव्हा पिशवीची चेन पूर्ण लावलेली होती, आणि ताईला लांबून सांगण्यात आलं की हेच. ती तरीही फोनवर व्यवस्थित बोलली. पाच जणांची परवानगी आहे. मी, लेक, त्यांचे दोघं भाऊ, आणि तू. त्यांचा कामावरचा जोडीदार रडतोय, तीस वर्षं एका शिडीवर काम केलंय म्हणतो, पण मी त्याला नाही म्हटलं. पाचवी जागा माझ्या भावाची आहे म्हटलं.

तो हो म्हणाला होता. शर्ट चढवून झाला होता, बटणं लावत होता, तेव्हा माहिती अधिकाऱ्याचा फोन आला. संध्याकाळचं विसरू नका, म्हणाला. निवेदकाने घरात मृत्यू झाल्याचं सांगितलं, तेव्हा अधिकारी मनापासून हळहळला. मग म्हणाला, एक अडचण आहे. अंत्यविधीला जाऊन आलेल्या माणसाला दोन आठवडे अलग राहावं लागतं, मग तुम्हाला बंगल्यावर येता येणार नाही, पाहुण्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. नियम आहे, तुम्हीच तर सांगता. आणि हसला, वाईट हेतूने नाही. साहेबांच्या बाईंनी मुद्दाम तुमचं नाव घेतलंय. कुत्र्याला तुमचा आवाज ओळखू येतो म्हणे, गाडी आली की शेपूट हलवतो. निवेदक उघड्या बटणांनी पलंगाच्या कडेवर बसला. त्याने खरंच विचार केला. भाऊजींना आता काही कळणार नाही, हा विचार केला. पाहुण्यांत कोण कोण असेल, हाही केला. मग त्याने ताईला फोन लावला आणि पास मिळाला नाही म्हणून सांगितलं, खूप प्रयत्न केला, ऐकत नाहीत. त्याचा आवाज भरून आला होता, आणि ते खोटं नव्हतं. असू दे, ताई म्हणाली. नियम सगळ्यांसाठी सारखेच आहेत. आणि चार माणसं उभी राहिली. जोडीदाराला परत बोलवायला वेळ नव्हता, तो घरी निघून गेला होता. नंतर भाचीने फोनवर सांगितलं, मामा, तू आला होतास की. फाटकाबाहेर गाडी उभी होती, तू सारखा म्हणत होतास, पाचपेक्षा जास्त व्यक्तींनी थांबू नये. आम्ही चौघंच होतो, तरी काका म्हणाला, लवकर आटपा.

पुलाखाली गाडी उभी होती. तीच. काच फुटलेली, कर्णा वाकवून जमिनीकडे केलेला, आणि चालक बाजूला दगडावर बसून चहा पीत होता. कर्णा चालूच होता. त्याच्यातून निवेदक मातीला सांगत होता की अफवांवर विश्वास ठेवू नका. चालकाने त्याला ओळखलं नाही. त्याने त्याला कधी पाहिलं नव्हतं, फक्त दिवसभर ऐकलं होतं. जाऊ नका तिकडून, चालक म्हणाला, लोक तापलेत. मग कपाळावरची पट्टी दाखवून म्हणाला, तो भाड्या मजेत बोलून जातो आणि दगड मला बसतात. निवेदकाने मान हलवली. काहीतरी सहानुभूतीचं बोलावं असं त्याला फार वाटलं, पण बोलणं परवडणारं नव्हतं. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. माहिती अधिकारी. चौकशी पूर्ण झाली होती. इतक्या लवकर? हो, साहेबांनी स्वतः लक्ष घातलं. निमंत्रणावर पंजाचा ठसा होता, म्हणजे यजमान कायद्याने कुत्राच ठरतो. शहरप्रमुख तिथे पाहुणे म्हणून गेले होते, स्वतःच्या घरी असले तरी. कुत्र्याला गावाबाहेरच्या शेतघरात दोन आठवडे अलग ठेवण्यात आलंय, कडक कारवाई. आता याची घोषणा करायची आहे, उद्या सकाळी या. निवेदकाने गाडीपासून दूर जाऊन, तोंडावर हात धरून विचारलं की यावेळी दुसऱ्या कुणाचा आवाज घेतला तर. अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाला, असं कसं? आवाज बदलला तर लोकांना वाटेल आपण काहीतरी लपवतोय. आणि तुम्ही चित्रात कुठे दिसता? तुम्ही दिसत नाही, हेच तर तुमचं चांगलं आहे.

ताईच्या इमारतीत लिफ्ट भाऊजींनी बसवलेली. कुणीतरी आतल्या जाळीवर, जिथून आवाज येतो तिथे, जुना टॉवेल कोंबून वर चिकटपट्ट्या मारल्या होत्या. दार बंद होताना त्याच्या आतून घुसमटल्यासारखं काहीतरी आलं, आणि तो वर जाईपर्यंत त्या जाळीकडे पाठ करून उभा राहिला. मजल्यावर तिन्ही शेजाऱ्यांची दारं किलकिली होती. ताईचं पूर्ण उघडं होतं.

तिने आधी साबण घेतला. हा नाही, तो हिरवा आणायचास, म्हणाली, आणि त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याला हात धुवायला लावले, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ती वाळली होती, पण केस नीट विंचरलेले होते. भाची आतल्या खोलीच्या चौकटीत टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे, आणि त्याच्याकडे बघत होती. तिने मामा म्हटलं नाही. टेबलावर भाऊजींची कामाची पेटी उघडी होती. पाने, स्क्रू, तारांची भेंडोळी वेगवेगळ्या डब्यांत लावून ठेवायचं अर्ध्यावर राहिलं होतं. जोडीदार घेऊन जाणार आहे संध्याकाळी, ताई म्हणाली. त्याला तरी उपयोग होईल. मग ती समोर बसली, आणि स्क्रू निवडत निवडत बोलायला लागली, खालमानेने, नेहमीसारखं एकात एक अडकलेलं, आणि त्याच्या लक्षात आलं की पूर्णविराम गेले आहेत.

काल इमारतीतले सगळे येऊन गेले होते. फोन घेऊनच आले होते, दारात उभे राहून तिला ती चित्रफीत दाखवली, आवाज मोठा करून. तुमच्या भावाचा आहे ना, म्हणून विचारत होते. वरच्या मजल्यावरचा तो, ज्याचे वडील गेल्या महिन्यात गेले, तो तर रडत होता आणि शिव्या देत होता, दोन्ही. लेकीने काल रात्रीपासून तोंडात घास घातला नाही. ती म्हणते मामाच आहे. ती म्हणते, आई, तो मामा असेल तर मला सांग, मला एकदा नक्की कळू दे.

"मी सांगितलं सगळ्यांना," ताई म्हणाली, आणि पहिल्यांदा वर बघितलं. "माझ्या भावाचा आवाज मला कळणार नाही का? म्हटलं, हा कुणीतरी नकला करणारा आहे. असल्या पार्टीला बोलावतात ना तसला. गाडीवरचं ऐकून ऐकून उचललंय."

भाची चौकटीतून किंचित पुढे आली होती. निवेदकाने ताईच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्याला स्वच्छ दिसलं की तिला सगळं माहीत आहे. पहिल्या श्वासापासून माहीत आहे, त्या सकाळच्या फोनपासून माहीत आहे. ती नवऱ्याचे स्क्रू निवडत त्याच्यासाठी एक दार उघडून बसली होती, आणि त्यातून आत यायला त्याला फक्त मान हलवायची होती. घर राहील. भाची जेवेल. वर्षाकाठी चार सणावाराला, एखाद्या आजारपणाला कुणीतरी 'आलास?' म्हणेल. यासाठी ताई उरलेलं आयुष्य शेजाऱ्यांशी, लेकीशी आणि स्वतःशी खोटं बोलायला तयार होती. तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. त्याने मान हलवली. मनापासून हलवली. भाचीच्या खांद्यांतून काहीतरी सैल झालेलं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

"म्हणजे बघ ना," ताई म्हणाली. तिचा आवाज जरा मोकळा झाला होता, ती आता लेकीला ऐकू जाईल असं बोलत होती. "लोकांना कान नसतात. मी त्या वरच्याला म्हटलं, नीट ऐका. हा माणूस वाक्याच्या शेवटाला पोचत नाही, दम सुटतो त्याचा. 'जवळ या' म्हणताना ऐकलंस? 'या' नुसता हवेत. माझ्या भावाने असं वाचलं असतं तर मी उलथनं फेकून मारलं असतं."

भाचीला हसू आलं. बारीकसं, नाकातून, पण आलं. निवेदकही हसला.

"आणि नाकात बोलतो," ताई म्हणाली.

"हो का," तो म्हणाला.

"नाकात म्हणजे काय, सर्दी झाल्यासारखा. आणि तो विनोद करायच्या आधी थांबतो ना, तिथे तर इतका कच्चा. थांबायचं कुठे ते कळतंय, पण किती ते कळत नाही. नवशिका असणार. खालचा सूर तर नाहीच, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा." तिने एक स्क्रू उजेडात धरून पाहिला आणि डब्यात टाकला. लेक ऐकत होती, आणि ताई गोष्टीत रंग भरत होती, बऱ्याच दिवसांनी. तिच्या गालांवर थोडा रंगही आला होता. "स्वस्तातला माणूस आणला असेल. मी म्हटलं त्यांना, माझा भाऊ मेला तरी असं बोलणार नाही. त्याच्या आवाजाला वजन आहे. हा म्हणजे..." ती शब्द शोधत थांबली. "फुसका."

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. गप्प बसायचं होतं, एवढंच. भाची आता चौकट सोडून टेबलापाशी आली होती, आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, आणि त्याच्याकडे बघण्यात कालपर्यंतचं काहीतरी हळूहळू परत येत होतं. त्याला ते दिसत होतं. तो आतून ओठ दाबून बसला होता. फुसका हा शब्द त्याच्या छातीत उतरला होता आणि तिथे बसायला जागा शोधत होता.

"तिथला माईक चांगला नव्हता," तो म्हणाला.

वाक्य उत्तम आलं. खालच्या सुरात, भरदार, शेवटच्या अक्षरापर्यंत श्वास पुरून थोडा उरला. ताईच्या हातातला स्क्रू तसाच राहिला. तिने डोळे मिटून घेतले आणि मान अगदी थोडी हलवली, लहानपणी एखादं वाक्य बरोबर आलं की हलवायची तशी. भाची खुर्चीपासून निघाली, त्याच्या शेजारून, त्याला अजिबात स्पर्श होणार नाही एवढं अंतर राखून गेली, आणि दार धरून उभी राहिली.